पोटाची साथ घरातून जात का नाही?

“आधी धाकट्याला झालं, मग ह्यांना, आता सासूबाई आडव्या झाल्यात आणि काल रात्रीपासून धाकट्याला पुन्हा सुरू. दहा-बारा दिवस झाले, घराची काही सुटका नाही. नेमकं चुकतंय कुठे?”

दवाखान्याच्या बाकावर हा प्रश्न बाराही महिने ऐकू येतो, पावसाळ्यात जरा जास्तच. विचारणारीच्या डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं असतात आणि पर्समध्ये मेडिकलमधून आणलेल्या दोन-तीन अर्धवट पट्ट्या. तिला हवी असते एखादी जोरदार गोळी. पण घरभर रेंगाळणाऱ्या पोटाच्या आजाराला एकच कारण नसतं, म्हणून एकच गोळीही नसते. आधी कारण ओळखायचं, मग उपाय करायचा. आणि कारण ओळखायला सुरुवातीला लागतात कागद, पेन आणि तारखा.

१. तारखा लिहा

चोवीस तासांत तीन किंवा त्याहून जास्त वेळा पातळ शौचाला होणं म्हणजे जुलाब. घरात कोणाला कधी सुरू झालं, उलटी होती का, ताप होता का आणि कधी थांबलं, एवढं एका कागदावर मांडा. मग तीनपैकी एक चित्र दिसू लागतं.

पहिलं चित्र : सगळ्यांना जवळजवळ एकाच वेळी झालं. रविवारी दुपारी बारशाचं जेवण आणि संध्याकाळपर्यंत चौघांना उलट्या. इथे दोष बहुधा एखाद्या पदार्थाचा. स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू दुधाच्या पदार्थात विष तयार करून ठेवतो आणि ते काही तासांतच त्रास देतं. हा त्रास साधारण दिवसभरात ओसरतो, रेंगाळत नाही.

दुसरं चित्र : एकामागून एक. समजा, सोमवारी रात्री बाबांना उलट्या सुरू झाल्या, बुधवारी सकाळी सहा वर्षांच्या मुलीला, गुरुवारी आईला, शनिवारी आजीला. प्रत्येकाच्या मध्ये एक ते दोन दिवसांचं अंतर. प्रत्येकाचा आजार दोन-तीन दिवसांचाच आहे, तरी घर आठवडाभर आजारी आहे. हा खो-खोचा डाव आहे. पाठलाग करणारा दमून थांबतो, पण त्याआधी दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारून गेलेला असतो.

तिसरं चित्र : बाकीचे बरे झाले, पण एकाचं पोट काही ताळ्यावर येत नाही. इथे जंतू वेगळा असू शकतो किंवा जंतू जाऊनही आतडं सावरलेलं नसतं.

या तिन्ही चित्रांत एक गोष्ट समान असते, ती म्हणजे अंगातलं पाणी जातं. त्यामुळे कारण सापडेपर्यंत थांबायचं नाही. पाण्याची भरपाई पहिल्या पातळ शौचापासून सुरू करायची.

२. मीठ-साखरेच्या पाण्यात एवढं काय आहे?

जुलाबात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगातून अर्धा लिटर पाणी गेलं, तर त्याच्या वजनाचा विसावा भाग गेला. एक लिटर गेलं, तर दहावा भाग, आणि ही अवस्था जिवावर बेतणारी असते. मोठ्या माणसाला एक लिटरने थकवा येतो, बाळाला तेवढ्याने सलाईनची वेळ येते.

मग नुसतं पाणी का पाजू नये? कारण सुजलेल्या आतड्यात नुसतं पाणी नीट शोषलं जात नाही. आतड्याच्या पेशी साखरेचा कण आत घेताना त्याच्याबरोबर सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, आत ओढतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली या जोडीची कल्पना मांडली. महत्त्वाचं म्हणजे जुलाब चालू असतानाही हा मार्ग बंद पडत नाही.

याचा मोठा कस लागला १९७१ मध्ये. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबिस यांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करायला लावलं. नळ लावलेल्या पिंपांतून ते पेल्यांत भरून रुग्णांना पाजलं ते त्यांच्या आयाबहिणींनी आणि नातेवाइकांनी. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये महालनबिसांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. पुढे जगाने मान्य केलेल्या या उपचारात औषध पाजणारे हात घरच्यांचेच होते, हे विसरू नये.

आज मिळणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या ओआरएस पाकिटात एक लिटरसाठी २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. आशाताईंकडे आणि उपकेंद्रात हे मोफत मिळतं. वापरताना तीन गोष्टी पाळा.

पहिली, पाकिटावरचं माप वाचा. काही पाकिटं एक लिटरची असतात, काही २०० मिलीची. लिटरच्या पाकिटातली चिमूटभर पूड पेल्यात टाकणं ही घरोघरी होणारी चूक आहे. पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्येच घाला आणि उरलेलं २४ तासांनी टाकून द्या.

दुसरी, चवीसाठी वर साखर घालू नका. जास्त साखर आतड्यात उलट पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. डबाबंद फळांचे रस आणि कोल्ड्रिंकही याच कारणाने नकोत. नावात ‘ओआरएस’ लावून विकली जाणारी गोड पेयं हे ते औषध नव्हे. असं नाव लावण्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, ती याचसाठी.

तिसरी, पाकीट नसेल तर घरी करा : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि शीग न येऊ देता सपाट केलेला. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून आधी चव घ्या. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागता कामा नये.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली आणि मोठ्यांना पिववेल तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा द्या. एकदम पेला तोंडाला लावला की ते उलटून पडतं आणि “याच्या पोटात काही ठरतच नाही” असा समज होतो. चमच्याने ठरतं. मात्र चमचा धरणाऱ्याला अर्धा-पाऊण तास बसावं लागतं, तेव्हा ते काम घरातल्यांनी वाटून घ्या.

३. खो कुठे दिला जातो?

आता दुसऱ्या चित्राकडे वळू, कारण घर दमवणारं चित्र तेच. या डावातला पट्टीचा खेळाडू म्हणजे नोरोव्हायरस. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी एका शाळेत उलट्यांची साथ आली, तिथून त्याला हे नाव मिळालं. लहान मुलांत रोटाव्हायरसही असाच पसरतो.

नोरोव्हायरसचे चार गुण लक्षात घेतले की घर का सुटत नाही ते उमगतं. अंगात शिरल्यावर १२ ते ४८ तासांत तो त्रास देऊ लागतो. लागण व्हायला त्याचे अगदी मोजके कण पुरतात. माणूस दोन-तीन दिवसांत हिंडूफिरू लागला, तरी त्याच्या शौचातून विषाणू दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त दिवस बाहेर पडू शकतो. आणि हाताला चोळायच्या सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. त्याला हातावरून काढतो तो साबण आणि वाहतं पाणी. बोटांच्या बेचक्या आणि नखांसकट निदान वीस सेकंद चोळून हात धुवायचे.

घरात त्याच्या ठरलेल्या जागा आहेत. संडासातल्या टमरेलाचा कान, नळाची चकती, फ्लशचं बटण, आतली कडी. बेसिनशेजारी लटकणारा नॅपकिन, ज्याला सगळं घर हात पुसतं. आणि माठ. फिल्टरचं किंवा उकळलेलं पाणी माठात भरायचं आणि त्यात बोटांसकट पेला बुडवायचा, म्हणजे आधीची सगळी मेहनत वाया. माठाला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, किंवा तोटीचाच माठ घ्या.

घरात कोणाला उलट्या-जुलाब सुरू होताच एवढं करा. सामायिक नॅपकिन काढून प्रत्येकाला वेगळा द्या. दोन संडास असतील तर एक आजाऱ्यासाठी ठेवा. एकच असेल तर दिवसातून दोनदा कडी, नळ, टमरेल आणि बटण पुसून काढा. पुसायला ५ टक्के तीव्रतेचं सोडियम हायपोक्लोराइट लागेल. त्याचं २० मिली एक लिटर पाण्यात मिसळलं की काम भागतं. द्रावण जागेवर दहा मिनिटं राहू द्या. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि हे द्रावण संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरिनचा विषारी वायू निघतो.

उलटी पुसताना आधी तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं टाका, कडेकडून मध्याकडे गोळा करा, मग ती जागा द्रावणाने पुसा. झाडूने ओढली तर तिचे बारीक थेंब दूरवर उडतात. माखलेले कपडे झटकू नका. वेगळे धुवा, जमल्यास गरम पाण्यात, आणि कडक उन्हात वाळवा. बाळाची शी धुतल्यावर हात तितकेच नीट धुवा. बाळाची शी निरुपद्रवी असते हा समज चुकीचा आहे.

धाकट्याला पुन्हा का झालं, याचंही उत्तर इथे आहे. कधी ती जुन्याच दुखण्याची राहिलेली कसर असते, तर कधी दुसऱ्याच विषाणूची नवी लागण. नोरोव्हायरसचे अनेक प्रकार आहेत आणि एकदा होऊन गेल्याने कायमचं संरक्षण मिळत नाही. रोटाव्हायरसवर मात्र लस आहे. ती २०१६ पासून आपल्या सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आणि सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याला तोंडावाटे दिली जाते. ती चुकवू नका.

४. पोट रिकामं ठेवायचं का?

“पोटाला आराम द्या” म्हणून मुलाला दोन दिवस नुसत्या पाण्यावर ठेवणारी घरं अजून आहेत. प्रेमापोटीच ठेवतात, पण त्याने मूल खंगतं आणि आजार लांबतो. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्या येतात. त्या घडवायला अन्नच लागतं. अंगावर पिणाऱ्या बाळाला पाजणं एक वेळही थांबवू नका, उलट जास्त वेळा पाजा.

मऊ भात आणि वरण, मीठ घातलेली भाताची पेज, मुगाची पातळ खिचडी, ताजं ताक, दही-भात, केळं, उकडलेला बटाटा. हे आपल्याकडचं आजारपणातलं जेवण शास्त्राच्या कसोटीलाही उतरतं. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्या. तेलकट, तिखट आणि खूप गोड काही दिवस बाजूला ठेवा. मूल बरं झालं की पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या, म्हणजे उतरलेलं वजन भरून येईल.

मुलांसाठी याला झिंकची जोड असते. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलीग्रॅम, असं चौदा दिवस. जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी गोळ्या चौदा दिवस पूर्ण करायच्या. झिंकने हा आजार आटोपशीर होतो आणि पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा होण्याची शक्यता कमी होते.

५. गोळ्यांचा मोह

मेडिकलमध्ये “लूज मोशनचं द्या” म्हटलं की बहुधा अँटिबायोटिक आणि अमीबावरचं औषध एकत्र असलेली गोळी हातात पडते. घरातले बहुतांश उलट्या-जुलाब विषाणूंमुळे होतात आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. दोन दिवसांनी पोट थांबतं ते आपोआप, श्रेय मात्र गोळीला जातं. पुढच्या वेळी तीच गोळी, आणि हळूहळू जंतू तिला जुमानेनासे होतात. शिवाय अँटिबायोटिकमुळे आतड्यातले उपयोगी जंतू मरून जुलाब लांबूही शकतात. कॉलरा, रक्ती आव अशा ठरावीक आजारांत ही औषधं लागतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

जुलाब एकदम थांबवणारं लोपेरामाइड लहान मुलांना देऊ नये. ताप असताना किंवा शौचात रक्त असताना मोठ्यांनीही घेऊ नये. आतडं जे बाहेर टाकू पाहतंय, ते आत अडकून राहतं.

६. चौदा दिवस उलटले तर

आता तिसरं चित्र. चौदा दिवस किंवा त्याहून जास्त चाललेल्या जुलाबाला वैद्यकशास्त्र वेगळ्या गटात टाकतं, कारण इथे आपोआप बरं होण्याची वाट पाहत बसायचं नसतं. तीन कारणं वारंवार आढळतात.

एक, जिआर्डिया. हा विषाणू नव्हे, एकपेशीय परजीवी आहे. १६८१ मध्ये लेव्हेनहूक या संशोधकाने स्वतःच्याच शौचात सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहिला. पोट फुगणं, दुर्गंधीयुक्त ढेकर आणि वारा, तेलकट आणि चिकट शौच, आणि ताप जवळपास नाही, ही त्याची खूण. पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरिनला तो बराच वेळ तोंड देतो, पण उकळीपुढे टिकत नाही. म्हणून पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्या. तपासणीत तो पहिल्या नमुन्यात सापडेलच असं नाही, म्हणून डॉक्टर वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने मागतात. तेव्हा कंटाळा करू नका. निदान झालं तर त्यावर नेमकं औषध आहे.

दोन, दूध न पचणं. दुधातली साखर फोडणारा लॅक्टेज हा पाचकरस आतड्याच्या अस्तरावरच्या बारीक उंचवट्यांच्या टोकांशी तयार होतो. जंतू आधी घाव घालतात तो या टोकांवर. ती भरून येईपर्यंत दूध प्यायलं की पोट गुरगुरतं आणि पातळ, आंबूस वासाचं शौच होतं. काही आठवडे कपभर दुधाऐवजी दही-ताक घेऊन पाहिलं तर उलगडा होतो. अंगावरचं दूध मात्र सुरूच ठेवा.

तीन, संवेदनशील राहिलेलं आतडं. जंतू गेले, तपासण्या स्वच्छ आल्या, तरी दहापैकी साधारण एकाला पुढे महिनोन्‌महिने जेवल्या जेवल्या शौचाला जावं लागतं, कळा येतात. हा मनाचा खेळ नव्हे. आतड्याच्या नसा अजून हळव्या असतात. अशा माणसाला “तुझं नेहमीचंच” म्हणून झटकू नका. याचा उपचार असतो. वजन घटत असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल किंवा रक्त पडत असेल, तर कारण वेगळं असू शकतं आणि त्याचा शोध घ्यायलाच हवा.

७. वाट न पाहता निघायचं कधी?

पुढचं काहीही दिसलं तर घरगुती उपायांवर विसंबू नका, थेट दवाखाना गाठा.

मूल मलूल पडलंय, पेंगतंय किंवा पाणी प्यायलाच तयार नाही. डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, बाळाची टाळू खोल गेली आहे. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश मागे जाते. सहा-आठ तासांत लघवी नाही. शौचात रक्त आहे. उलटी हिरवी होतेय किंवा थांबतच नाही. ताप उतरत नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे.

आजी-आजोबांकडे वेगळं लक्ष हवं. त्यांना तहान कमी लागते आणि संडासात वारंवार जावं लागू नये म्हणून ते मुद्दाम पाणी टाळतात. रक्तदाबाच्या, लघवी होण्याच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या दिवसांत त्या घ्यायच्या की नाहीत, हे डॉक्टरांना फोन करून विचारा. मधुमेह आहे म्हणून ओआरएस टाळायचं नसतं, साखर मात्र तपासत राहायची.

आणखी एक लक्षण ध्यानात ठेवा. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्ता परिसरात, गुइलेन-बारे सिंड्रोमचे बरेच रुग्ण आढळले. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. या जंतूशी लढताना क्वचित प्रसंगी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. जुलाबानंतरच्या दिवसांत किंवा आठवड्यांत पायांत मुंग्या आल्या, जिना चढताना पाय लटपटले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

८. शेजारीही आजारी असतील तर

तारखांच्या कागदात शेजारच्या घरांच्याही तारखा मिळू लागल्या, तर आपल्या घरातला संडास कितीही पुसला तरी साथ हटणार नाही. तेव्हा प्रश्न पाण्याचा असतो. इमारत असेल तर टाकी आणि तिच्याजवळून जाणारी सांडपाण्याची वाहिनी पाहायला सांगा. गाव असेल तर विहिरीत किंवा टाकीत क्लोरिनची टीसीएल पावडर पडते का आणि क्लोरिन तपासणारी ओटी चाचणी होते का, हे ग्रामपंचायतीत विचारा. ही चाचणी सोपी असते. नळाच्या पाण्यात ओटीचे दोन थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. रंग आला नाही, तर पाण्यात क्लोरिन उरलेलं नाही. शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम क्लोरिन मिळायला हवं. निकाल हाती येईपर्यंत पाणी उकळूनच प्या.

हे विचारायला लोक लाजतात. जुलाब हा विषय चारचौघांत काढायचा नाही, असा आपला रिवाज आहे. त्या लाजेपोटी शाळेत “सर्दी झाली होती” असं सांगितलं जातं आणि पोट पूर्ण थांबायच्या आत मूल वर्गात जाऊन बसतं. कामाला येणाऱ्या मावशी एक दिवसाचा पगार कापला जाईल या भीतीने पोट धरून चार घरी पोळ्या लाटतात. शेवटच्या उलटीनंतर किंवा पातळ शौचानंतर ४८ तास घरी राहायचं आणि तेवढा वेळ स्वयंपाकाला हात लावायचा नाही, हा नियम मुलांना, मोठ्यांना आणि मावशींनाही सारखाच लागू आहे. मावशींना ही सुट्टी पगारी द्या. ती देणं माणुसकीचं आहेच, आणि त्या चारही घरांतली साथ रोखण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.